रेंज संपते तिथून पुढचा दर्या

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय आपल्या गावापासून सुरू होतो, पण बराच लांब जातो.

गेले काही महिने गावातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: आता टॉवरची गरज संपली, मोबाईल थेट सॅटेलाईटला जोडला जाणार, डोंगरात, जंगलात, भर समुद्रात कुठेही मेसेज जाणार. खाली अंगठे आणि रॉकेटं. आपल्याला त्याचं अप्रूप जरा जास्तच, कारण ठाणे-बेलापूर रोडवरचं रिलायन्स कॉर्पोरेट पार्क आपल्या घणसोलीत. जिओचा केवढा तरी कारभार तिथून चालतो. ज्या शिवारात आपल्या आजोबांनी भात लावलं आणि मिठागरं राखली, तिथून आज देशभरच्या फोनचे निरोप हलतात. घणसोलीत रेंज नाही असं आता कुणी म्हणू शकत नाही (जिन्याखालच्या खोल्या सोडून).

पण टॉवर नसलेल्या ठिकाणाहून निरोप पाठवायचा प्रश्न आपल्या किनाऱ्याला नवीन नाही. तो नाखव्याला, तांडेलाला आणि खलाशाला कायमच पडलेला आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला या देशाने बरीच वर्षं घेतली. ती गोष्ट नीट मांडलेली मला कुठे दिसली नाही, म्हणून लिहितोय.

आधी एक स्पष्ट करतो. आपल्या घणसोलीच्या खाडीत जो बोय, कोळंबी, चिंबोरी, निवट्या धरायला जातो, त्याला सॅटेलाईटची गरज नाही. ठाण्याची खाडी दोन्ही बाजूंनी टॉवरांनी वेढलेली आहे. खाडीतल्या माणसाचं दुखणं वेगळं आहे: गाळ, केमिकलचं पाणी, भराव, कमी झालेली मासळी. पण आपली नाती खाडीत संपत नाहीत. माझी आत्या करंजाला दिलेली. कुणाची बहीण मोऱ्याला, कुणाची सासुरवाडी अर्नाळ्याला नाहीतर सातपाटीला. तिथल्या बोटी आठ-आठ, दहा-दहा दिवस बाहेर असतात, आणि बंदर सोडल्यावर तासा-दोन तासांत मोबाईलची कांडी जाते.

का जाते, हेही समजून घ्या. समुद्रावर आडवं काही नसतं, तरी पृथ्वी गोल आहे. किनाऱ्यावरच्या टॉवरला क्षितिजाखाली गेलेली बोट दिसत नाही. जुन्या टू-जीमध्ये तर टॉवरपासून ३५ किलोमीटरची मर्यादा तंत्रातच बसवलेली होती. प्रत्यक्षात किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर फोन मुका होतो. आणि आपल्या देशाचं अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांचं, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर. सरकार सांगतं खोल समुद्रात जा, तिथे मासळी आहे. पण तिथून घरी बोलायचं कसं, हे बरीच वर्षं कुणी सांगितलं नाही.

पूर्वी सोपं होतं, कारण काहीच नव्हतं. बोट गेली की गेली. घरच्यांनी बंदरावर उभं राहून शिडं ओळखायची, आणि वारा फिरला की बाया देवीला नवस बोलायच्या. नंतर ट्रान्झिस्टर आला. आकाशवाणीवरचं हवामान ऐकायचं. पण ते एकतर्फी. रेडिओ तुम्हाला सांगतो, तुम्ही रेडिओला काही सांगू शकत नाही. मग व्हीएचएफ वायरलेस आला. त्यात बोलता येतं, चॅनल १६ आणीबाणीसाठी राखून ठेवलेला असतो. पण तोही बोटीच्या काठीच्या उंचीवर अवलंबून, साधारण वीस-पंचवीस मैलांचा खेळ. शिवाय तो उघडा. तुम्ही जे बोलाल ते आसपासच्या सगळ्या बोटी ऐकतात. आतेभाऊ म्हणतो तसं, “दादूस, मासली कुठं लागली तं वायरलेसवर कोन सांगतंय?” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जरा डोंगरात जाऊ. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी नावाचं गाव आहे. देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र तिथे उभं राहिलं, १९७१च्या सुमाराला. सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी, हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून. विक्रम साराभाई गेले ३० डिसेंबर १९७१ ला, आणि या केंद्राला त्यांचं नाव मिळालं: विक्रम भूकेंद्र. म्हणजे आकाशातून निरोप आणायचं काम या देशात मराठी मुलखातल्या एका शेतकरी गावातून सुरू झालं. आपल्याकडे त्याची आठवणही कुणी काढत नाही. आर्वीमुळे परदेशी फोन सोपे झाले, टेलेक्स आले, टीव्हीची चित्रं आली. मुंबईच्या व्यापाऱ्याला लंडनशी बोलता यायला लागलं. मुंबईच्या बंदरातून निघालेल्या मासेमारी बोटीला मात्र मुंबईशी बोलता येत नव्हतं.

जहाजांसाठी सोय झाली नाही असं नाही. १९७९ मध्ये इनमारसॅट ही संस्था जन्माला आली ती जहाजांच्याच सुरक्षेसाठी. १९९१ मध्ये त्यांची इनमारसॅट-सी ही सेवा आली. गंमत बघा, ती बोलण्याची नव्हती, लिहिण्याची होती. लहानसं यंत्र, लहानसा अँटेना, मजकूर टाइप करायचा, तो उपग्रहावरून भूकेंद्राकडे जायचा, तिथे साठायचा आणि पुढे पाठवला जायचा. जगातला पहिला मोबाईल एसएमएस डिसेंबर १९९२ चा. म्हणजे आपल्या खिशात एसएमएस यायच्या आधी भर समुद्रातली मोठी जहाजं सॅटेलाईटवरून टेक्स्ट करत होती! आज लोक ज्याला नवा शोध म्हणून नाचवताहेत, तो तिशी ओलांडून गेलेला आहे.

लिहिण्यालाच पसंती का? कारण आवाज अखंड लागतो आणि मजकूर तुकड्यातही चालतो. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतो. तिथपर्यंत हातातल्या यंत्राने सतत आवाज पोचवायचा म्हणजे ताकद हवी, मोठा अँटेना हवा, आणि हलत्या बोटीवर तो अँटेना एका दिशेला धरून ठेवायला हवा. त्यापेक्षा शंभर-दोनशे अक्षरं एका झटक्यात फेकली, नाही पोचली तर परत फेकली, हे सोपं. बॅटरी वाचते. म्हणून आजही फोनमधून थेट उपग्रहाला जोडण्याच्या योजनांमध्ये पहिला नंबर मेसेजचा लागतो आणि व्हिडिओ कॉलचा सर्वात शेवटी.

मग आपल्या बोटींना हे का मिळालं नाही? उत्तर नियमात आहे. समुद्रातली आंतरराष्ट्रीय आपत्काळ-संपर्क व्यवस्था, जिला जीएमडीएसएस म्हणतात, ती १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्ण लागू झाली. कुणाला? ३०० टन आणि त्यावरच्या मालवाहू जहाजांना, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासी जहाजांना. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाली त्यानंतर जगाने जहाजांसाठी जे नियम केले, त्याच वाटेवरचा हा नियम. सातपाटीच्या किंवा करंजाच्या लाकडी बोटीचा त्यात विचारच नव्हता. मुंबईत येणाऱ्या परदेशी कंटेनर जहाजाला उपग्रह बंधनकारक, आणि त्याच पाण्यात जाळं टाकून बसलेल्या बोटीत एक टॉर्च, एक वायरलेस आणि खंडोबा.

आता २००८. हे वर्ष टाळून ही गोष्ट सांगता येत नाही.

पोरबंदरची ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट अतिरेक्यांनी समुद्रात पळवली. खलाशांना मारलं, तांडेलाकडून बोट मुंबईपर्यंत चालवून घेतली आणि मग त्यालाही मारलं. मुंबईपासून काही सागरी मैलांवर बोट सोडून दहा जण रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार नगरला उतरले. उतरताना त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनीच, हे विसरू नका. नंतर ‘कुबेर’वर जे सामान सापडलं त्यात थुराया कंपनीचा सॅटेलाईट फोन होता.

त्या एका फोनने पुढचं सगळं ठरवलं. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा हातात होताच. विनापरवाना सॅटेलाईट फोन बाळगणं गुन्हा, ही गोष्ट कागदावर आधीही होती, आता ती दातओठ खाऊन राबवली जायला लागली. थुराया आणि इरिडियम भारतीय हद्दीत चालणार नाहीत, हे नौवहन महासंचालनालयाने जहाजांनाही बजावलं. (त्यांचं कार्यालय खाडीच्या पलीकडे, कांजूरमार्गला. आपल्या किनाऱ्यावरून सरळ रेघ मारली तर तिथेच जाईल.) मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, बोटींना रंग ठरले, २० मीटरपेक्षा मोठ्या बोटींना ओळख सांगणारं एआयएस यंत्र आलं, ‘सागर कवच’चे सराव सुरू झाले.

यातलं काहीच चुकीचं नाही. माणसं मेली होती, १६६. सरकारने काहीच केलं नसतं तर आपणच शिव्या घातल्या असत्या. पण क्रम बघा. दर्यावरच्या माणसाशी सरकारचं नातं आधी ‘तू कोण, कुठे आहेस, तुझ्याजवळ काय आहे’ असं बांधलं गेलं. ‘तुला काही सांगायचंय का’ हा प्रश्न नंतरचा. माझं म्हणणं एवढंच, की समुद्रातून निरोप पाठवण्याच्या आपल्या सगळ्या इतिहासावर हा क्रम उमटलेला आहे.

कारण अवघ्या वर्षभरात दुसरी बाजू समोर आली. ११ नोव्हेंबर २००९, फयान वादळ. अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये ते जमिनीवर आलं. त्याआधी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या समुद्रात बोटी सापडल्या, माणसं गेली, काही परत आलीच नाहीत. ज्यांच्या बोटी बाहेर होत्या त्यांच्यापर्यंत इशारा पोचवायला साधन नव्हतं, आणि बुडणाऱ्यांना सांगायलाही नव्हतं. कोकणात अजून लोक वर्ष सांगताना “फयानच्या आदल्या साली” असं म्हणतात.

२०१० पासून इस्रोचं ‘डॅट’ वापरात आलं, डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर. हे यंत्र बोटीवर ठेवायचं. संकट आलं की बटण दाबायचं. बोटीची ओळख आणि ठिकाण उपग्रहावरून नियंत्रण केंद्राला जातं आणि तिथून तटरक्षक दलाला कळवलं जातं. देशभरात अशी वीस हजारांहून जास्त यंत्रं वापरात आली. चांगली गोष्ट. पण पहिल्या पिढीच्या डॅटमध्ये एक उणीव होती, आणि ती फक्त यंत्राची उणीव नव्हती. बटण दाबल्यावर ते पोचलं की नाही, हे दाबणाऱ्याला कळत नव्हतं.

जरा डोळ्यासमोर आणा. बोटीत पाणी भरतंय, इंजिन बंद, अंधार. तुम्ही बटण दाबलं. आता? हेलिकॉप्टर निघालंय म्हणून बोटीला धरून बसायचं, की कुणाला कळलेलंच नाही म्हणून पिंप पकडून उडी मारायची? जिवंत राहायचं की नाही हे त्या एका उत्तरावर ठरतं. आपण व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसल्या नाहीत तर अस्वस्थ होतो. तिथे निळी खूण म्हणजे जीव.

हा फक्त आपल्या देशाचा मामला नव्हता म्हणा. रशिया, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स यांनी मिळून उभारलेली कॉस्पास-सारसॅट ही जगभरची शोध-बचाव व्यवस्था १९८२ पासून जीव वाचवतेय. तिच्या बीकनलासुद्धा ‘तुझी हाक मिळाली’ असं उलट सांगण्याची सोय २०२० मध्ये, युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांमुळे आली. हाक मारणाऱ्याला ओ द्यायला जगाला ३८ वर्षं लागली.

मग २०१७ चं ओखी. नोव्हेंबरच्या शेवटी केरळ-तमिळनाडूच्या समुद्रात वादळ उठलं. खोल समुद्रातल्या बोटी इशाऱ्याच्या आधीच कितीतरी दिवस बाहेर पडलेल्या होत्या, फोनच्या पलीकडे. शेकडो मच्छीमार मेले किंवा कायमचे बेपत्ता झाले. त्याच वादळात भरकटत ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार आपल्या सिंधुदुर्गात, देवगडला येऊन लागले. घरच्यांनी तिकडे दिवे लावले होते आणि माणसं इकडे जिवंत होती! देवगडच्या लोकांनी त्यांना जेवण दिलं, कपडे दिले, आणि मुख्य म्हणजे फोन दिले. ५ डिसेंबरला मुंबईच्या शाळा बंद ठेवल्या होत्या, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला चिखल झाला होता, ते हेच ओखी. आपल्याला फक्त चिखल आठवतो.

त्यानंतर यंत्रणा हलली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ आलं. गगन उपग्रह व्यवस्थेवरून वादळाचा इशारा, लाटांची उंची, मासळीची संभाव्य जागा एका छोट्या डबीत यायची आणि ब्लूटूथने मोबाईलवर दिसायची. पण तेही पुन्हा एकतर्फी, वरून खाली. डॅटवर फक्त मच्छीमार बोलणार, जेमिनीवर फक्त सरकार बोलणार. दोघांना एकमेकांचं ऐकू येईल असं यंत्र यायला अजून काही वर्षं जायची होती. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने डॅटची दुसरी पिढी आणली. तिच्यात आपल्या नाविक उपग्रहांवरून उलट निरोप येतो: हाक मिळाली, मदत निघाली. मोबाईल जोडला तर हे आपल्या भाषेत वाचता येतं.

इथे थोडं थांबून एक उलटी बाजूही सांगतो, नाहीतर वाटेल की यंत्र आलं म्हणजे सगळं झालं. मे २०२१, तौक्ते वादळ, मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातला पी-३०५ बार्ज. त्यावर २६१ माणसं होती. तिथे संपर्काची साधनं होती, इशारे आले होते, वाचले गेले होते. तरी बार्ज सुरक्षित ठिकाणी गेला नाही. बार्ज आणि वरप्रदा टग मिळून ऐंशीच्या वर माणसं गेली. निरोप पोचला होता, तो ऐकून निर्णय घ्यायचा अधिकार मात्र खालच्या कामगारांकडे नव्हता. ही तारेची किंवा उपग्रहाची गोष्टच नाही.

आता ‘सुरक्षित’ या शब्दाकडे येतो. जाहिरातीत म्हणतात, सिक्युअर सॅटेलाईट मेसेजिंग. कुणासाठी सिक्युअर?

तंत्रवाल्याला विचारलं तर तो म्हणेल, मजकुराला कुलूप लावलंय, पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला वाचता येणार नाही. ठीक. पण अशी कुलुपं नेहमी पक्की असतात असं नाही. २०१२ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी सॅटेलाईट फोनमध्ये वापरली जाणारी जीएमआर-१ आणि जीएमआर-२ ही दोन्ही कुलुपं कच्ची आहेत हे दाखवून दिलं. त्यातलं पहिलं थुराया वापरत होतं. म्हणजे ज्या फोनची एवढी दहशत, त्याचं कुलूप खरं तर तकलादू होतं. आणि २६/११ च्या रात्री हल्लेखोरांचं त्यांच्या सूत्रधारांशी जे बोलणं एटीएसने ऐकलं, ते साध्या मोबाईलवरचं होतं.

सरकारला विचारलं तर सुरक्षित म्हणजे आम्हाला बघता येईल असं. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर परदेशी पर्यटक पकडले गेले, बॅगेत गार्मिनचं इनरीच होतं म्हणून. डोंगरात हरवलो तर घरी मेसेज करायचं ते यंत्र. त्यांच्या देशात ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, इथे ते विनापरवाना बिनतारी यंत्र ठरतं. हसू येतं, पण त्याच्या आदल्याच महिन्यात अंदमानच्या समुद्रात तटरक्षक दलाने सुमारे सहा हजार किलो अंमली पदार्थांची बोट पकडली आणि तिच्यावर स्टारलिंकचं यंत्र सापडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सरकारच्या भीतीला आधार नाही असं मी म्हणणार नाही.

आणि नाखव्याला विचारलं तर? त्याच्यासाठी सुरक्षित म्हणजे पहिलं, निरोप पोचला पाहिजे आणि पोचल्याचं कळलं पाहिजे. आणि दुसरं, आतेभाऊचं ते वाक्य: मासळी कुठे लागली ते चारचौघांना कळता कामा नये. बोटीचं ठिकाण ही नुसती नकाशावरची खूण नाही, तो धंद्याचा गल्ला आहे. कुठल्या ‘रेशी’त, कुठल्या खडकाजवळ, कुठल्या महिन्यात घोळ किंवा सरंगा लागतो, ही माहिती बापाकडून पोराकडे येते. दर काही मिनिटांनी बोटीचं ठिकाण वर पाठवणारं यंत्र ही सगळी माहिती कुठल्यातरी संगणकात गोळा करत असतं. चार वर्षं गोळा केली की महाराष्ट्राचा सगळा दर्या त्यात उतरेल. ती कुणाची मालमत्ता?

हा प्रश्न हवेतला नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. त्याच कार्यक्रमात आणखी एक योजना देशाला अर्पण झाली, जी बातम्यांत शेवटच्या ओळीत आली: मासेमारी बोटींसाठी संपर्क आणि मदत व्यवस्था. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख यांत्रिक बोटींवर इस्रोच्या तंत्राचा ट्रान्सपाँडर, खर्च सुमारे ३६० कोटी. मच्छीमाराला मोफत. पूर्ण २०० मैलांच्या क्षेत्रातून दोन्ही बाजूंनी छोटे मजकूर पाठवता येतात, वादळाचा इशारा येतो, आणि आंतरराष्ट्रीय सागरी सीमा जवळ आली की यंत्र सावध करतं.

ज्या वाढवणला स्थानिक मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करत आले, त्याच मंडपात त्यांना ट्रान्सपाँडर मिळाला. एका हाताने मासेमारीची जागा जातेय आणि दुसऱ्या हाताने त्या जागेवरून मेसेज पाठवायचं यंत्र येतंय, अशी टीका तेव्हा करता आली असती. सिडकोला जमिनी दिलेल्या आपल्यासारख्या प्रकल्पग्रस्तांना तर ही भाषा पाठ आहे. पण म्हणून यंत्र वाईट ठरत नाही. सीमेचा इशारा ही तर मोठीच गोष्ट आहे. डहाणू-तलासरीकडचे कितीतरी आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. बोट रेघ ओलांडते, पाकिस्तानची गस्त पकडते, आणि माणूस कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकतो. समुद्रात रेघ कुठे काढलेली असते? भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, त्या यादीत आपल्या घरचं नाव आहे का हे बघणं एवढाच संपर्क त्या बायकामुलांना उरतो. त्या रेघेच्या पाच मैल आधी डबीतून भोंगा वाजला तर एक घर वाचतं.

आता ग्रुपवरच्या त्या फॉरवर्डकडे. २०२२ मध्ये ॲपलने अमेरिका-कॅनडात फोनवरून उपग्रहामार्फत आणीबाणीचा मेसेज सुरू केला. आपल्याकडे बीएसएनएलने व्हायासॅट कंपनीबरोबर ऑक्टोबर २०२४ मध्ये ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी मेसेज पाठवून दाखवले. जिओच्या उपग्रह कंपनीकडे आणि वनवेबकडे परवाना आधीच होता, जून २०२५ मध्ये स्टारलिंकलाही मिळाला. मार्च २०२५ मध्ये जिओने स्टारलिंकशीच करार केला. म्हणजे उद्या या सेवेचा एखादा धागा आपल्या घणसोलीतूनही जाईल, आणि आपल्या गावची पोरं तिथे नोकरीला असतील.

पण मे २०२५ मध्ये दूरसंचार खात्याने या सेवांसाठी ज्या सुरक्षेच्या अटी घातल्या, त्यात एक अट अशी आहे की जमिनीच्या सीमेपासून ५० किलोमीटरचा पट्टा आणि समुद्रातलं २०० सागरी मैलांपर्यंतचं क्षेत्र हे विशेष देखरेखीचं क्षेत्र राहील. नकाशा काढून बघा. म्हणजे मासेमारीचा सगळाच समुद्र. डोंगरात ट्रेकला गेलेल्या पुण्याच्या पोराचा मेसेज साधा मेसेज, आणि करंजाच्या तांडेलाचा “उद्या पोचतो, बर्फ सांगून ठेव” हा देखरेखीखालचा मेसेज. देशाच्या सुरक्षेसाठी हे लागत असेल तर लागो. पण मग त्याबरोबर नियमही लागतात: कोण बघणार, किती दिवस ठेवणार, धंद्याची माहिती कंपन्यांना किंवा मोठ्या ट्रॉलरवाल्यांना मिळणार नाही याची हमी कोण देणार. ट्रान्सपाँडर बसवताना नाखव्याकडून जी सही घेतली जाते, त्या कागदावर हे मराठीत लिहिलेलं असायला हवं.

आपल्यापैकी ज्यांची माणसं करंजा, मोरा, रेवस, अर्नाळा, सातपाटीला आहेत, त्यांनी पुढच्या वेळी तिकडे गेल्यावर सोसायटीत तीन गोष्टी विचारून या आणि इथे कमेंटमध्ये लिहा. यंत्र बोटीवर बसलंय का आणि चालू आहे का, की पेटीत पडून आहे. बटण दाबल्यावर उलट उत्तर किती वेळात येतं. आणि त्या यंत्रावरून घरी दोन ओळी पाठवता येतात का, की फक्त कंट्रोल रूमशीच बोलता येतं.

तटरक्षक दलाचा हेल्पलाइन नंबर १५५४. घरच्यांनी सेव्ह करून ठेवा. बोट ठरल्या दिवशी आली नाही तर चार दिवस थांबू नका.